मंदाताईची कात्री

"गोरं करायचंय व्हय? मग थांबा, हात लावते."

मंदाताईचं हे वाक्य एकदा ज्यानं ऐकलं, तो पुन्हा तिच्या स्टुडिओत गोरं करून मागायला गेला नाही.

मिरजगावात हायवेलगतच्या गाळ्यांत आमची दुकानं शेजारी शेजारी होती. माझं लग्नपत्रिकांचं, तिचं फोटो आणि व्हिडिओ शूटिंगचं. मध्ये प्लायवूडचं पार्टिशन आणि त्याला वरच्या अंगाला काच. आता ती नगरला असते, मोठा स्टुडिओ आहे, आणि तिच्या गाळ्यात मोबाईलच्या कव्हरांचं दुकान झालंय. पण काच अजून तशीच आहे, त्यामुळं माझी मान अधूनमधून उगाच तिकडं वळते.

मंदाताईला कोड होतं. आधी बोटांना आणि ओठांभोवती, मग वाढत वाढत सगळ्या अंगभर. याची लागण होत नसते, हे डॉक्टर सांगून थकले. आमची माणसं मान डोलावतात, "बरोबर हाय डॉक्टर" म्हणतात आणि तिच्याकडं जाताना पाण्याचा ग्लास तेवढा सोबत नेतात. एकदा एक बाई लग्नाच्या पोरीला घेऊन आली. मंदाताईनं पुढं केलेला चहा तिनं "आत्ताच झाला" म्हणून परतवला आणि त्याच दमात म्हणाली, "पोरगी जरा सावळी हाय. फोटूत थोडी गोरी करा की." तेव्हा मंदाताईनं आपले दोन्ही पांढरे पंजे वर केले आणि ते वाक्य म्हटलं. बाई खुर्चीसकट मागं सरकली. पोरगी मात्र तोंडात ओढणी कोंबून हसत होती. तिचा फोटो मंदाताईनं असा काढला की मी तो पुढं वर्षभर माझ्या पत्रिकांच्या नमुन्यात लावला होता. सावळाच, आणि झकास.

मी तरी कुठला साधू? गाळा घेतला त्या पहिल्या वर्षी मीही "आत्ताच झाला" म्हणणाऱ्यांतलाच. तिनं कधी बोलून दाखवलं नाही. माझ्या मुलीच्या बारशाचं शूटिंग मात्र तिनं आग्रहानं मागून घेतलं. अल्बम आला. बायको छान, मुलगी छान, सासूबाईसुद्धा छान. माझे डोळे एकाही फोटोत उघडे नव्हते. एकात तर मी शिंक यायच्या बेतात होतो. मी तणतणत गेलो, तर अल्बम चाळत शांतपणे म्हणाली, "तुला माज्याकडं बघायचंच नसतं ना दत्ता. म्हनून मिटल्यालं काढलं." त्या दिवशी मी तिथंच खुर्ची ओढून बसलो आणि चहा मागून घेतला. कान तापले होते, आणि ते चहानं नव्हे.

ती सूड घ्यायला विसरत नसे. लपवतही नसे. आरडाओरडा, भांडण, हे तिला बायकी आणि फुकटचं वाटे. "तोंडानं बोललेलं इसरत्यात," ती म्हणायची, "डोळ्यानं बघितल्यालं न्हाई इसरत."

कॅमेऱ्याला शूटिंगच्या आधी पांढरं म्हणजे काय ते सांगावं लागतं, हे मला तिच्यामुळंच कळलं. कोरा कागद समोर धरायचा, मग त्या हिशेबानं तो बाकीचे रंग लावतो. तिच्याकडं कोरा कागद असायचाच. पण कुणी दुखावलं असलं की ती कागद खिशात ठेवायची आणि आपला पंजा धरायची. तिच्या हाताच्या पांढऱ्यात थोडा गुलाबीपणा असतो. त्याला कॅमेऱ्यानं पांढरं मानलं की समोरचा माणूस निळसर हिरवा दिसतो, विहिरीतून काढल्यासारखा. एका सत्कारात एका पुढाऱ्यानं तिला व्यासपीठाखाली उतरवलं होतं, "पाहुन्यांफुडं बरं दिसत न्हाई" म्हणून. ती मुकाट्यानं उतरली. मी खाली खुर्च्यांत बसलो होतो. तिनं कॅमेऱ्यापुढं पंजा धरलेला दिसला, तेव्हाच मी ओळखलं की साहेबांचं आता काही खरं नाही. शाल पांघरलेले साहेब दीड तास निळे दिसले. तक्रार करायला त्यांचा माणूस आला, त्याला म्हणाली, "माज्या हिशेबानं पांढरं ह्येच हाय. साहेबास्नी म्हनावं, सवय करा."

पण सगळाच राग असा खोडसाळ नव्हता. एका लग्नात नवरदेवाची आत्या होती, जन्मापासून बहिरी. घरच्यांनी तिला मांडवाच्या दारात चपलांपाशी बसवलेली, कारण ती मध्येच मोठ्यानं चित्कारायची. पुढं व्हिडिओ तयार झाला. वरातीत बँड पेटलाय, पोरं नाचतायत, नवरदेवाचा मामा कमरेत वाकून घाम गाळतोय, आणि एकदम सगळा आवाज बंद. कॅमेरा चपलांपाशी, आत्याच्या खांद्यामागं. अख्खी वरात नुसती तोंडं उघडते, मिटते. कुणीतरी मागं वळून आत्याकडं बघतं, काहीतरी बोलतं, आणि हसतं. काय बोललं ते आपल्यालाही कळत नाही, तिच्यासारखंच. मिनिटभरानं आवाज परत येतो.

नवरदेवाची आई पेनड्राइव्ह घेऊन आली. "ताई, मधीच आवाज गेलाय. खराब निगाला तुमचा."

"खराब न्हाई. तुमच्या नणंदेला लगीन असंच दिसलं."

बाईनं पेनड्राइव्ह मुठीत धरला. मग म्हणाली, "त्यो हसला त्यो माजाच भाऊ हाय." मंदाताई म्हणाली, "ठाव हाय मला. म्हनून तर ठिवलं." बाई पेनड्राइव्ह पदरात बांधून तसाच घेऊन गेली. ते लोक आता चपलांपाशी कुणाला बसवत नाहीत, असं मी म्हणणार नाही. पण बसवताना आधी कॅमेरा कुठं आहे ते बघतात.

ही विद्या तिला कुठून आली, ते तिनं मला एकदाच सांगितलं, तेही कांदा चिरता चिरता. लग्न होऊन ती श्रीगोंद्याकडं एका बागायती घरात गेली. सासरी नाव बदललं, वैशाली ठेवलं. दोन वर्षांत बोटांना डाग आले. मग ताट वेगळं झालं, लोणच्याच्या बरणीला हात लावणं बंद झालं. धाकट्या दिराचं लग्न निघालं. तीन दिवस हिनं मागच्या दारी राबून काढले. पुढच्या दारी यायचं नाही, अशी तंबी होती. नणंद पुष्पा सगळ्या घराची कारभारीण. तिनं शूटिंगवाल्याला हिच्यादेखत सांगितलं, "ही कुटं दिसली तर कापायची." पुढं सीडी आली तेव्हा सगळं घर टीव्हीपुढं बसलं, ही स्वयंपाकघराच्या दारात उभी. तीन तासांच्या लग्नात तिला स्वतःचं एक कोपर दिसलं. हिरव्या बांगड्यांचं, अक्षतांचं ताट पुढं करणारं.

"म्हंजी ज्याच्या हातात कात्री, त्याचं लगीन," ती म्हणाली. "मग म्हनलं, कात्रीच शिकू." आठ दिवसांनी ती माहेरी निघून आली आणि कर्जतच्या एका म्हाताऱ्या फोटोग्राफरच्या हाताखाली राहिली. सासरच्यांनी काडीमोड घेतला, दुसरी सून आणली. तिनं ना पोटगी मागितली ना भांडी. "मला त्यांचं कायबी नको. त्यांनी माज्याकडं फकस्त एकदा बघावं. नीट. मान न वळवता."

अठरा वर्षं तिनं या एका गोष्टीची वाट बघितली.

आणि एका फाल्गुनात एक जाडजूड, डाळिंबी साडीतली बाई माझ्या दुकानात आली. लेकीची पत्रिका छापायची होती, लग्न मिरजगावच्याच कार्यालयात होतं. मजकुरात बाईचं नाव आलं, पुष्पा. माहेरचं गाव आलं. माझ्या हातातला पेन थांबला. काचेतून बघितलं तर मंदाताई पलीकडं उभी राहिली होती. आवाजावरून तिनं माझ्याआधीच ओळखलं होतं.

पुष्पाबाईनं मात्र तिला ओळखलं नाही. ओळखणार कशी? एव्हाना कोड सगळ्या अंगावर पसरून मंदाताई नखशिखांत एकाच रंगाची झाली होती. कापलेले केस, चष्मा, पंजाबी ड्रेस. शूटिंग ठरवायला पुष्पाबाई शेजारी तिच्याकडं गेली आणि खुर्चीत बसता बसता कौतुकानं म्हणाली, "किती गोऱ्या हो मॅडम तुमी! कोकनातल्या का?"

मी पार्टिशनला धरून उभा राहिलो.

"न्हाई, हितलीच," मंदाताई म्हणाली. "चहा घ्या."

बाईनं घेतला. वर बशीत ओतून, फुंकर मारून. मग आवाज खाली आणून म्हणाली, "एक सांगायचं हुतं. पोरीला डाव्या गालावर डाग हाय. कोडाचा. नवऱ्याकडच्यांना ठाव हाय, पर पाव्हन्यारावळ्यांत चर्चा नको म्हनत्यात. तुमी डाव्या अंगानं काडूच नका. आन् दिसलंच कुटं, तर कापा."

"कापायचं," मंदाताई म्हणाली. "बरं. आन् पोरीला कशानं झालं म्हनायचं?"

"आमच्या थोरल्या भावाची पयली बायकू. अवदसा मेली. ही पाच वर्साची हुती, सारखी त्या मामीच्या मांडीवर जाऊन बसायची. तितनं लागलं."

"आनखी घ्या की थोडा," असं म्हणून मंदाताईनं तिला दुसरा कप भरून दिला, आणि तोही तिनं संपवला. बाई गेल्यावर मंदाताई हसायला लागली ती खोकला येईपर्यंत. "दोन कप प्याली बया! माज्या हातचं! दोन!" हसता हसता तिचे डोळे असे झाले की मी काचेपासून बाजूला झालो. खोटं कशाला सांगू, मलाही त्या बाईला दुकानाच्या पायरीवरून ढकलून द्यावंसं वाटत होतं.

पण मला धास्ती पोरीची होती. दुसऱ्या दिवशी मी म्हणालो, "ताई, लग्न त्या लेकराचं हाय. तिचं वंगाळ नको करू."

"तिला इचारल्याबिगर कायबी करनार न्हाई," ती म्हणाली. "आयचं निराळं."

अश्विनी फोटो काढायला एकटीच आली. शांत पोर, डावीकडं मान झुकवून बोलायची सवय. मी काचेतून बघत होतो. मंदाताई तिच्यासमोर खुर्ची ओढून बसली आणि आपले दोन्ही हात तिच्या मांडीवर उलटे ठेवले. मग अश्विनीनं तिचा चेहरा निरखून बघितला आणि विचारलं, "वैशूमामी?"

लहान मुलं मांडी विसरत नाहीत हेच खरं.

"आठवीपासनं माझा डावीकडनं फोटो न्हाई," अश्विनी म्हणाली. "एक काढा." मंदाताईनं खिशातला कोरा कागद काढून समोर धरला, खिडकीचा पडदा सरकवला आणि फोटो काढला. अश्विनी तो स्क्रीनवर बघत बसली. म्हणाली, "लग्नात पन असंच काढा. मी मेकअप पुसून टाकते सगळा. पन आई..."

"आईचं मी बघते."

लग्न वैशाखात होतं. अलीकडं आमच्याकडं कार्यालयात बारा फुटी एलईडी स्क्रीन लावतात, कारण शूटिंगवाल्यांच्या गर्दीपायी मागच्यांना नवरा-नवरी दिसतच नाहीत. माणसं प्रत्यक्ष लग्नाला येऊन पडद्यावर लग्न बघतात. तीन कॅमेऱ्यांतलं काय पडद्यावर जायचं, ते कोपऱ्यात व्हिडिओ मिक्सरवर बसलेली मंदाताई ठरवणार. मी तिच्या पाठीमागं उभा होतो. बोलावलं नव्हतं तरी.

अंतरपाट धरला. पहिली मंगलाष्टका सुरू झाली आणि अश्विनीनं ओला रुमाल घेऊन डाव्या गालावरचा सगळा मेकअप पुसला. शेला मागं सारला. मंदाताईनं बटण दाबलं. बारा फुटी पडद्यावर तो गाल आला. कानापासून हनुवटीपर्यंत पांढरा डाग, वर मुंडावळीची लड, आणि शांत डोळा. तिनं शॉट हलवला नाही. दोन हजार माणसांचे अक्षतांचे हात वर तसेच राहिले आणि कुजबुज सुरू झाली, मधमाश्या उठाव्यात तशी.

तेव्हा मंदाताईनं दुसरं बटण दाबलं. कुजबुजणाऱ्यांचे चेहरे पडद्यावर आले. तोंडावर पदर घेऊन शेजारणीच्या कानाला लागलेली एक बाई. नाक मुरडलेला एक फेटेवाला. स्वतःला बारा फुटी बघून त्याचं नाक एकदम सरळ झालं. मग पुन्हा अश्विनी. मग पुन्हा ते. चारसहा वेळा असं झाल्यावर प्रत्येकाला कळलं की आता आपण दिसू शकतो. कार्यालयात असे चेहरे नीटनेटके झाले, जणू गुरुजी वर्गात आले. नवरदेवानंही पडद्याकडं बघितलं, मग समोर नवरीकडं, आणि मुंडावळ्या सारख्या करत राहिला. शूर नव्हता, पण उठून गेला नाही. तेवढं पुरे.

पुष्पाबाई धावत आमच्याकडं निघाली. "बंद कर! ए! बंद कर ते!" तिसऱ्या कॅमेऱ्यानं तिला उचललं. गुरुजी 'सावधान' म्हणत होते आणि पडद्यावर नवरीच्या आईचा उघडा जबडा होता, गळ्याच्या शिरांसकट. ती डावीकडं वळली, कॅमेरा वळला. तिनं पदर घेतला, पदर दिसला. मिक्सरपाशी पोचेपर्यंत तिचा आवाज गेला होता.

"कोन हायेस तू?"

मंदाताईनं चष्मा काढला. "वैशाली. थोरली वहिनी. माज्या हातचा दोन कप चहा प्यालाय तुमी, पुष्पाबाई. आता काय हुतंय का बघा."

बाई तिच्याकडं बघत राहिली. नीट. मान न वळवता. माझ्या आयुष्यात मला इतका आनंद दुसऱ्याच्या लग्नात कधी झाला नव्हता.

चार दिवसांनी पुष्पाबाई डोक्यावरून पदर घेऊन स्टुडिओपाशी आली. आत शिरली नाही, उंबऱ्यावरच उभी राहिली. "त्ये माजं आरडल्यालं कापून टाका. पाया पडते."

"कापते की," मंदाताई म्हणाली. "तुमी म्हनाल तसं."

आणि तिनं कापलं. पुढचा आठवडाभर मी काचेतून बघत होतो. हळद कुटताना पुष्पाबाई गेली. चुडा भरताना गेली. विहिणींच्या भेटीत फक्त समोरची विहीण राहिली, हवेला मिठी मारणारी. अडीच तासांच्या लग्नात नवरीची आई औषधाला सापडणार नाही, अशी सफाई. मी टाळी मागितली आणि तिनं दिली.

पंचमीला अश्विनी माहेरी आली, ती दुसऱ्या दिवशी दुपारी स्टुडिओत. पेनड्राइव्ह टेबलावर ठेवला.

"मामी, माझी आई कुठंय?"

मंदाताई स्क्रीनकडं बघत म्हणाली, "तिनंच कापायला सांगितलं."

"अख्ख्या लग्नात माझी आई न्हाई."

"माज्या येळंला मी कुटं हुते?"

अश्विनी खुर्ची ओढून बसली. मग म्हणाली, "घाला तिला. आरडलेली पन घाला. जशी हाय तशी माझीच हाय ती."

"पुसून टाकलंय सगळं," मंदाताई म्हणाली. ते खोटं होतं, आणि पोरगी हलली नाही.

मग मंदाताईनं दाणकन ड्रॉवर उघडला, हार्डडिस्क काढली आणि कामाला लागली. अश्विनी गेली तरी ती उठली नाही. त्यानंतर महिन्याभरात तिनं गाळा सोडला, त्यामुळं मला ती आठवते ती त्या दुपारची. मी काचेपाशी उभा. ती एकेक तुकडा उचलून जागेवर ठेवतेय आणि प्रत्येक तुकड्याला शिवी देतेय. "ये भवाने, कूट हळद. ही घाल. ही बी घाल. आरड, आरड आनखी." शेवटी पाठवणी आली. पुष्पाबाईनं लेकीला जवळ घेतलं, दोन्ही तळवे तिच्या गालांवरून फिरवले, डाव्या गालावरून, त्या डागावरून, अगदी सावकाश, आणि आपल्या कानशिलांवर बोटं कडाकड मोडली.

मंदाताईची शिवी अर्धीच राहिली. तिनं तो तुकडा मागं घेतला, पुन्हा लावला. पुन्हा मागं घेतला. मग जागेवर ठेवला आणि स्क्रीनवरच्या त्या दोन तळव्यांना, कुणी ऐकत नाही असं समजून, विचारलं, "माज्या वक्ताला कुटं गेल्ते गं हे हात?"